गाडी सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे



खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ही श्रद्धा योग्यच आहे. पण उरलेले दिवस आपण नुसती किल्ली फिरवून निघतो. हुमनाबाद, बसवकल्याणवरून जाणाऱ्या महामार्गावर गाडीतला लहानसा दोषही जिवावर बेततो. म्हणून रोज पुढील तपासणी करावी.

१) प्रदक्षिणा : प्रथम गाडीभोवती एक फेरी मारावी. गाडीमागे खेळणारे लहान मूल आरशात दिसत नाही. जमिनीवर तेल वा पाणी गळाले आहे का, तेही कळते.

२) टायर : हवा गाडी थंड असतानाच तपासावी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, म्हणून काही जण मुद्दाम हवा कमी ठेवतात. हा गैरसमज आहे. कमी हवेचा टायर फिरताना जास्त दबतो, त्यामुळे अधिक तापतो आणि फुटतो. नियमाप्रमाणे टायरच्या नक्षीची खोली मोटारीस किमान १.६ मिलिमीटर व दुचाकीस ०.८ मिलिमीटर हवी.

३) ब्रेक : गाडी उभी असतानाच दाबून पाहावा. पेडल फार खाली जात असेल तर प्रवास रद्द करून मेकॅनिककडे जावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पोहोचेपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते.

४) दिवे : मागील लाल दिवा चालकाला स्वतःला दिसत नाही. मुलांनी बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे राहून तो लागतो की नाही ते सांगावे. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला दिवा किंवा चमकणारी लाल पट्टी नसेल, तर अंधारात मागच्या वाहनाला ती शेवटच्या क्षणीच दिसते. शेतकरी पालकांनी हंगामापूर्वी ही पट्टी जरूर लावावी.

५) दुचाकी : साइड स्टँड वर घेतला का? चेन सैल नाही ना? मागच्या चाकाला साडी गार्ड आहे का? पदर व ओढणी नीट खोचून घ्यावी. हेल्मेटचा पट्टा लावावा.

विश्वस्त मंडळास नम्र विनंती की, मुलांना ने-आण करणाऱ्या प्रत्येक वाहनात एक वही ठेवावी व चालकाने ही पाच कामे केल्याची सही रोज सकाळी त्यात करावी.

विद्यार्थ्यांनो, किल्ली मोठ्यांच्याच हाती राहू द्या. पण "तपासलंत का?" हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे. तो रोज बजावा.

— मुख्याध्यापक