चारठाणा ते मुंबई रोड ट्रिप: जाताना 'समृद्धी', येताना वडापावसाठी जुना रस्ता का धरावा?

चारठाणा, जिंतूर परिसरातून गाडीने मुंबई गाठायची तर जालन्याहून समृद्धी महामार्ग सोयीचा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. वेळ वाचतो; पण घाटाखालचा 'देशी बर्गर' म्हणजेच वडापाव हुकतो.

मग कुठे थांबाल?
परतताना जुना मुंबई-पुणे महामार्ग धरा. पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर 'दत्त स्नॅक्स' लागते, तर बोरघाट चढण्याआधी खोपोलीत 'रमाकांत'चा गरमागरम वडापाव मिळतो.

वाट वाकडी का करायची?
२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि वाहनांचा मोठा ओघ तिकडे वळला. जुन्या रस्त्यावरचा धंदा थांबणाऱ्या गाड्यांवरच चालतो. गाड्या थांबल्या नाहीत, तर कढईही थंडावेल.