‘गळती’ आणि ‘चोरी’ : पाणीपुरवठ्यातील दोन संज्ञा

शहापूर तालुक्यात 1892 मध्ये तानसा धरण पूर्ण झाले; पुढे त्याच तालुक्यात भातसा धरणही उभे राहिले. आज मुंबईस दररोज मिळणाऱ्या सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाण्याचा मोठा भाग येथूनच जातो. शेजारच्या मुरबाड तालुक्यातील गावांच्या जमिनीवर पसरलेला बारवीचा जलाशयही शहरांची व कारखान्यांची तहान भागवितो. असे असूनही या दोन्ही तालुक्यांतील कित्येक गावपाड्यांस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणूनच शहरातील जलहानीचा प्रश्न केवळ शहराचा राहत नाही.

या हानीस व्यवहारात सरसकट ‘गळती’ म्हणतात. वस्तुतः या एका शब्दात दोन भिन्न अर्थ मिसळले आहेत. फुटक्या नळांतून व सैल सांध्यांतून पाणी जमिनीत मुरते, ती वास्तविक हानी होय. अनधिकृत जोडणीने घेतलेले अथवा सदोष मीटरने कमी मोजलेले पाणी मात्र कोणाच्या तरी उपयोगी पडते. ते केवळ हिशेबातून सुटते.

अर्थ भिन्न, म्हणून उपायही भिन्न. वास्तविक हानी शोधण्यासाठी शहराचे विभाग पाडून, वापर अत्यल्प असताना, म्हणजे उत्तररात्री, प्रत्येक विभागात शिरणारे पाणी मोजतात. वाजवी वापराहून अधिक भरेल तो प्रवाह गळतीचा निदर्शक असतो. जेथे पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते, तेथे मात्र ही कसोटी सहसा लागू पडत नाही. चोरीस आळा घालावयाचा तर तपासणीबरोबरच अधिकृत नळाचा मार्गही मोकळा हवा. मुंबई महानगरपालिकेने 2022 मध्ये स्वीकारलेल्या ‘सर्वांसाठी पाणी’ या धोरणाचे महत्त्व यातच आहे.

मुंबईच्या पुरवठ्याचा केवळ एक टक्का म्हणजे 385 लाख लिटर. जलजीवन मिशनच्या दरडोई 55 लिटर या प्रमाणाने ते 7 लाख माणसांस पुरेल. 2011 च्या जनगणनेनुसार शहापूर व मुरबाड तालुक्यांची एकत्रित लोकसंख्या सुमारे 5 लाख होती. परंतु चोरी पकडल्याने मुख्यतः महसूल वाढतो. मुरून जाणारे पाणी वाचते ते सांधे दुरुस्त केल्यानेच. दोहोंस एकच नाव दिले, की वसुलीतील वाढ हीच पाण्याची बचत म्हणून सांगता येते, आणि धरणाकाठच्या पाड्यांस द्यावयाच्या वाट्याचा प्रश्न अनुत्तरित राहतो.