जमीन वरकस, माणूस वरकड

ठाणे जिल्ह्याच्या महसुली दप्तरात ‘वरकस’ असा एक शब्द आहे. भात पिकते ती खरी जमीन आणि तिच्या जोडीची माळाची, डोंगरउताराची ती वरकस, अशी ही विभागणी. दप्तराच्या लेखी ती हलकी, दुय्यम जमीन. डोंगरातील वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांचा संसार मात्र या दुय्यम जमिनीवाचून चालत नाही. तेथील शतकाहून जुन्या जमीनकलहाचे मूळ या विसंगतीत आहे.

कल्याणहून कसाऱ्याच्या किंवा मुरबाडहून माळशेजच्या वाटेला लागले, की खाडीकाठची सपाटी संपून सह्याद्रीच्या पायथ्याचा तुटक मुलूख सुरू होतो. उत्तरेस जव्हार-मोखाड्याचे पठार सुमारे दीड हजार फूट उंचीवर आहे; १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन झाल्यावर त्याचा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला आणि २०१४ पासून हे पठार पालघर जिल्ह्यात आहे. पाऊस येथे मुबलक पडतो. परंतु उतारावरून तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांत पाण्यासाठी वणवण सुरू होते. साग, ऐन, मोह यांच्या रानात सखल जागी भातखाचरे असतात. तेथे रोप करावयाचे तर आधी पालापाचोळा, टहाळे, गवत व शेण यांचे थर पसरून राब भाजावा लागतो. राबाचे हे सारे साहित्य वरकस जमिनीतून आणि रानातून येते. गुरे तेथेच चरतात, नाचणी-वरई तेथेच होते. काही पिके घेतली की तो तुकडा काही वर्षे पडीक ठेवावा लागतो. पडीक म्हणजे सोडून दिलेला नव्हे. पण पीकपाहणीच्या रकान्यात ‘पड’ असे लिहिले गेले, की कसणाऱ्याचा पुरावा तेथेच संपतो.

१८७८ च्या जंगल कायद्याने रानांची राखीव व संरक्षित अशी वर्गवारी केली. राबावर बंधने आली तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. या गाऱ्हाण्यांची दखल घेतली गेली, याचे एक कारण असे, की ती मांडणाऱ्यांत लिहितेवाचते जमीनदारही होते. रानातील माणसाला स्वतःची अशी वाणी नव्हती.

पुढे जमीन सावकारांच्या आणि गवत-लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या हाती जात राहिली. मूळचा कसणारा कूळ झाला आणि कर्जापायी वेठीला जुंपला गेला. लग्नाच्या कर्जापोटी वर्षानुवर्षे राबणाऱ्यास डहाणू-उंबरगावकडे ‘लग्नगडी’ म्हणत. सिमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारला दिलेल्या अहवालात या वेठीची नोंद आहे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगावचे वारली तेथे येऊन गेले. मे महिन्यात झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ न करण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन वारल्यांचे रक्त सांडले. वेठ मोडली, जमिनीचा प्रश्न मात्र राहिला.

१ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ जमिनीचे मालक झाले, असे आपण शिकतो. भातखाचरांपुरते ते पुष्कळ अंशी खरे आहे. वरकस मात्र अनेक ठिकाणी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली. नंतर ३० ऑगस्ट १९७५ रोजी खासगी वने संपादनाचा कायदा अमलात आला आणि खासगी वने सरकारजमा झाली. उताऱ्यावर कोणाचेही नाव असो, अशा रानात पिढ्यान्‌पिढ्या नाचणी करणारा अतिक्रमक ठरला.

याच कायद्याची झळ नंतर शहरालाही लागली. इमारती उभ्या राहिलेल्या जागा जुन्या नोटिशींच्या आधारे ‘खासगी वन’ ठरू लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी असा निर्णय दिला, की नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकावर बजावलेलीही असली पाहिजे. मुलुंडसारख्या उपनगरांतील गाळेधारकांना त्यामुळे दिलासा मिळाला, आणि तो रास्तच होता. परंतु डोंगरातील माणसाच्या बाबतीत नोटीस बजावली की नाही, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. दप्तरात ज्याचे नावच नाही, त्याच्यावर ती बजावणार कशी?

२००६ च्या वनहक्क कायद्याचे महत्त्व येथे आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या, जास्तीत जास्त चार हेक्टर वनजमिनीवरील हक्क हा कायदा मान्य करतो. त्याच्या नियमांनी वडीलधाऱ्यांचा जबाब, घर, बांध, सपाट केलेली जमीन यांनाही पुराव्याचे स्थान दिले. कागदाआधी नांगर होता, ही गोष्ट कायद्याने प्रथमच एवढ्या स्पष्टपणे स्वीकारली. यामुळे जंगलतोडीला मोकळे रान मिळेल, ही भीती अगदीच निराधार नव्हे. म्हणूनच कायद्यात तारखेची व क्षेत्राची मर्यादा आहे, आणि वन राखण्याची जबाबदारी ग्रामसभेवरही आहे. खरी अडचण अंमलबजावणीत आहे. जबाबाला पुरावा मानणारा नियम असताना ‘कागद आणा’ असे सांगून दावे फेटाळले जातात, तेव्हा कायदा पुन्हा जुन्या दप्तराच्या स्वाधीन होतो.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी कसारा घाट उतरून ठाण्यावरून मुंबईला गेले. वनजमिनीचा हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. दहावीच्या परीक्षार्थींचा खोळंबा होऊ नये म्हणून अखेरचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपवला. ज्यांच्या मुलांसाठी ही काळजी घेतली गेली, त्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या लिहित्यावाचत्या समाजाने तिची काही परतफेड केली काय? भातसा आणि बारवी या धरणांचे पाणी याच डोंगरांतून या शहरांकडे येते. दाव्याचा अर्ज भरून देणारा शिक्षक, जबाब नीट उतरवून घेणारा कारकून, बांधावर जाऊन मोजणीला मदत करणारा विद्यार्थी यांची तेथे आज गरज आहे. कागदाने ज्यांना शंभर वर्षे वरकड ठरवले, त्यांच्या बाजूने कागद लिहिणे हे कागदावर जगणाऱ्या समाजाचेच कर्तव्य ठरते.