औषध बाजारातून का काढतात?

‘अमुक औषध बाजारातून काढणार’ अशी बातमी आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. औषध वाईट होते, तर आजवर विकू कसे दिले? आणि चांगले होते, तर आता का काढता? हाडांच्या ठिसूळपणावरील कॅल्सिटोनिन या औषधाची हकीकत पाहिली, तर दोन्ही प्रश्नांचे उत्तर मिळते.

आपले हाड सतत बदलत असते. काही पेशी जुने हाड झिजवतात, तर काही नवे भरतात. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये झीज भरतीपेक्षा जास्त होऊ लागते. हाड आतून विरळ होते आणि घरात साधा पाय घसरला तरी खुबा मोडतो. हाच ऑस्टिओपोरोसिस.

कॅल्सिटोनिन हे अवटू ग्रंथीत तयार होणारे, ३२ अमिनो आम्लांच्या साखळीचे संप्रेरक. ते हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. सामन माशाचे कॅल्सिटोनिन माणसाच्या कॅल्सिटोनिनपेक्षा अधिक प्रभावी असते. म्हणून त्याच रचनेचे औषध बनवून नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात ते दिले जाऊ लागले. १,२५५ स्त्रियांवर झालेल्या पाच वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. रोज २०० एकक औषध घेणाऱ्यांमध्ये पाठीचे मणके नव्याने मोडण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. मात्र १०० किंवा ४०० एककांनी तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. म्हणजे लाभाचे पारडे मुळातच हलके होते.

जुलै २०१२ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने दीर्घकालीन चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. औषधाचा अंश नसलेली मात्रा घेणाऱ्यांशी तुलना करता, कॅल्सिटोनिन घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण गोळीच्या चाचण्यांत ०.७ टक्के, तर फवाऱ्याच्या चाचण्यांत २.४ टक्के जास्त आढळले. २.४ टक्के म्हणजे हजारांमागे सुमारे २४ जण. संस्थेने फवारा बंद करण्याची शिफारस केली. अचानक अंथरुणाला खिळल्यामुळे होणारी हाडांची झीज, अशा मोजक्या कारणांसाठी थोड्या दिवसांची इंजेक्शने मात्र चालू ठेवली.

अमेरिकेत मार्च २०१३ मध्ये सल्लागार समितीने १२ विरुद्ध ९ मतांनी फवाऱ्याविरुद्ध कौल दिला. तरीही तेथील नियामकाने औषध काढले नाही. माहितीपत्रकात इशारा घातला. कर्करोग औषधामुळेच होतो, हे सिद्ध झालेले नव्हते. माहिती बहुतांशी तीच, निर्णय मात्र दोन!

भारतात असा अधिकार १९४० च्या औषध कायद्यातील कलम २६अ नुसार केंद्र सरकारला आहे. मधुमेहावरील पायोग्लिटाझोन जून २०१३ मध्ये येथे थांबवले गेले आणि जुलैअखेर मूत्राशयाच्या कर्करोगाच्या इशाऱ्यासह पुन्हा खुले झाले.

तेव्हा औषध ‘चांगले’ की ‘वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी, किती दिवस आणि दुसरा पर्याय असताना का, असे विचारावे लागते. ॲलेंड्रोनेटसारख्या गोळ्या उपलब्ध असताना थोड्या लाभासाठी थोडाही धोका जड वाटू लागतो.

पनवेलमधल्या एखाद्या आजींनी अशी बातमी वाचली, तर त्यांनी काय करावे? औषध परस्पर बंद करू नये. डेनोसुमॅबचे इंजेक्शन मध्येच थांबवले, तर उलट मणके मोडण्याचा धोका वाढतो. बातमीचे कात्रण घेऊन आधी डॉक्टरांना भेटावे.