रांग आपल्या दारात

आईचा अमेरिकेतल्या भावाशी व्हिडिओ कॉल रंगात आला की चित्र थिजायचं. कनेक्शन 40 एमबीपीएसचं, स्पीड टेस्टमध्ये आकडाही पुरेपूर यायचा. इंटरनेट कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: मोठा प्लॅन घ्या.

एका रात्री लॅपटॉप वायरने राउटरला जोडला आणि पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, लावून बसलो. सगळं शांत असताना 9 मिलिसेकंद. मग फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू केला. 60, 190, 340... आकडे 400 च्या आसपास जाऊन टेकले. बॅकअप थांबवला आणि लगेच पुन्हा 9.

म्हणजे दुखणं वेगाचं नव्हतं, रांगेचं होतं. 40 एमबीपीएसवर 400 मिलिसेकंदांची रांग म्हणजे दोन मेगाबाइट डेटा कंपनीच्या मोडेममध्ये तुंबलेला, आणि आईच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या सगळ्यामागे ताटकळत उभं. याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये यावर कोडेल हा उपाय मांडला. रांग किती लांब आहे हे तो बघतच नाही; पॅकेट किती वेळ थांबलं, तेवढं मोजतो. सलग 100 मिलिसेकंद ही वाट 5 च्या खाली उतरलीच नाही, तर तो एखादं पॅकेट टाकून देतो. पाठवणारा ते ओळखून हात आखडता घेतो. मला हा विचार फार सुंदर वाटतो.

माझ्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली आहे. त्यात एसक्यूएम ही रांग सांभाळणारी सोय चालू करून 'केक' निवडलं. ते कोडेलच्याच घराण्यातलं, शिवाय प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देतं. अपलोडचा वेग मुद्दाम कमी लिहायचा, म्हणजे रांग मोडेमऐवजी आपल्या राउटरमध्ये लागते, जिथे आपलं चालतं. 39 लिहून पाहिलं, पिंग 120 पर्यंत उसळला. 38 वर अधूनमधून 50. 36 वर बॅकअप जोरात चालू असतानाही 13-14, हलेचना. पाऊण तास बघत बसलो.

हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे जुन्या राउटरला 300 एमबीपीएसचा प्लॅन झेपेलच असं नाही. पण मोठ्या प्लॅनचे पैसे भरण्याआधी एकदा बॅकअप चालू ठेवून पिंग बघाच.