हृदयाचा सीटी स्कॅन, कमी किरणांत

हृदयाच्या सीटी स्कॅनमध्ये किरणांची मात्रा वाढते ती हृदय हलते म्हणून. श्वास काही सेकंद रोखता येतो, ठोके रोखता येत नाहीत. जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीची हृदयरोहिणी स्पष्ट दिसायची, तर ती स्थिरावलेली असतानाच टिपावी लागते. आकुंचन संपून हृदय सैलावते तेव्हा असा क्षण मिळतो.

जुन्या पद्धतीत एक्स-रे नळी ठोकाभर चालूच राही, टेबल सावकाश सरके आणि स्थिर क्षणांची माहिती संगणक ईसीजीच्या आधारे नंतर वेचून काढी. उरलेले किरण बहुतांशी फुकट, पण शरीरातून गेलेले. प्रोटेक्शन नावाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत 2007 साली अशा तपासणीची मध्यक मात्रा सुमारे 12 मिलिसिव्हर्ट आढळली. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. 2017 च्या पाहणीत तपासणीचा आकडा 2.7 च्या आसपास आला.

यातली मोठी बचत वेळ साधण्याची आहे. आता ईसीजी आधी वाचला जातो आणि ठरलेल्या क्षणीच नळी पेटते. 16 सेंटिमीटर रुंद डिटेक्टरची यंत्रे अख्खे हृदय एका ठोक्यात टिपतात; दोन नळ्यांची यंत्रे टेबल झपाट्याने सरकवून तेच साधतात.

व्होल्टेजही कमी करता येते. 120 ऐवजी 100 किलोव्होल्ट वापरले, की मात्रा साधारण तीस टक्क्यांनी घटते. शिवाय कमी ऊर्जेचे किरण शिरेतून दिलेल्या आयोडिनच्या औषधात जास्त शोषले जातात, त्यामुळे रोहिण्या उलट अधिक उठून दिसतात. चित्र थोडे दाणेदार होते, ते संगणकाचे गणित बरेचसे निवळते. स्थूल रुग्णांत मात्र व्होल्टेज फार उतरवता येत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय गोळीचा. नाडी 85 वर असेल, तर स्कॅनच्या तासभर आधी मेटोप्रोलॉल देऊन ती साठीच्या आसपास आणतात (दमा असल्यास जपून). ठोका लांबला की स्थिर क्षणही लांबतो. महागडे यंत्र असूनही ही तयारी घाईत उरकली, तर यंत्राचा अर्धा फायदा वायाच. तंत्रज्ञाने स्कॅनची लांबी हृदयापुरती आखली, की स्तन आणि फुप्फुसांवरचा मारा आणखी कमी होतो.

ठोके अनियमित असतील, तर योग्य क्षण हुकतो. अशा वेळी नळी थोडी जास्त चालू ठेवणेच शहाणपणाचे. मात्रा इतकी छाटली की रोहिणीतला अडथळा वाचताच आला नाही, तर स्कॅन पुन्हा करावा लागतो आणि किरण दुप्पट होतात.