घरच्या संगणकाची स्मृती आणि बत्तीस बिटांची वेस

एखाद्या गृहस्थाने आपल्या संगणकात आठ गिगाबाइट स्मृती बसवून घ्यावी आणि पडद्यावर मात्र त्यांपैकी तीन-सव्वातीनच वापरण्याजोगी असल्याची नोंद दिसावी, हा अनुभव विरळा नाही. दुकानदाराने फसविले असा संशय येणे साहजिकच आहे. परंतु पुष्कळदा दोष स्मृतीच्या पट्टीत नसून, संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या निवडीत असतो.

स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक, म्हणजे पत्ता असतो. समजा, एखाद्या गावात घरांना दोन अंकीच क्रमांक द्यावयाचे असा नियम आहे. ०० ते ९९ अशी शंभर घरे झाली की पुढच्या घराला पत्ता उरत नाही, मग ते कितीही पक्के बांधलेले असो! ३२ बिटी प्रणालीचे असेच आहे. प्रत्येक बिट शून्य किंवा एक असल्यामुळे ३२ बिटांतून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. हेच चार गिगाबाइट. त्यांतूनही ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांसाठी काही पत्ते राखावे लागतात. १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरात ३६ बिटी पत्त्यांची युक्ती होती खरी. तथापि घरगुती विंडोजच्या ३२ बिटी आवृत्त्यांनी चारांची वेस ओलांडली नाही.

मग सर्वांनीच ६४ बिटी आवृत्ती घ्यावी काय? तसेही नाही. तीत पत्ताच दुप्पट लांबीचा असल्याने तो टिपून ठेवण्यास अधिक जागा खर्ची पडते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० साठी प्रारंभी किमान स्मृती ३२ बिटी आवृत्तीस एक गिगाबाइट, तर ६४ बिटीस दोन सांगितलेली होती. किमान म्हणजे जेमतेम, हे ओळखूनच असावे. दोन गिगाबाइटच्या जुन्या यंत्रावर ३२ बिटी आवृत्तीच सुखाने चालते. चारांच्या पुढे ६४ बिटीच हवी.

मात्र बदल करण्यापूर्वी प्रोसेसर ६४ बिटी आहे ना, हे पाहावे. जुन्या प्रिंटरला ६४ बिटी ड्रायव्हर मिळेल की नाही, हेही तपासावे. १६ बिटी जुन्या आज्ञावल्या ६४ बिटी विंडोजवर चालतच नाहीत. शिवाय ३२ वरून ६४ वर जाताना प्रणाली नव्याने बसवावी लागते. म्हणून कागदपत्रे व छायाचित्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत.

२०२१ च्या विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्ती निघालीच नाही, आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे हा प्रश्न आता मुख्यतः शाळांतील व घरांतील जुन्या यंत्रांपुरता उरला आहे.